तरुण रक्ताचा प्रस्ताव तपासताना सुरुवात देणाऱ्यापासून करा

म्हातारपण लांबवण्यासाठी तरुण माणसाचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातल्या पेशी वगळल्यावर उरणारा द्रव, चढवण्याचा प्रस्ताव तीन रूपांत समोर येतो. एखादं क्लिनिक ती सेवा म्हणून विकतं, कुणी ‘पैसे भरा आणि सहभागी व्हा’ अशी चाचणी काढतं, किंवा संशोधनाचा रीतसर आराखडा नैतिकता समितीपुढे येतो. प्रस्ताव कुठल्याही रूपात असो, तपासण्याची रीत एकच. ती इथे समितीचे सदस्य, रक्तपेढीतले डॉक्टर आणि घरात आजारी ज्येष्ठ असलेली कुटुंबं यांच्यासाठी मांडली आहे.

बहुतेक चर्चा घेणाऱ्यापासून सुरू होते. त्याला फायदा होईल का, धोका किती, खर्च किती. आमचं म्हणणं असं की सुरुवात देणाऱ्यापासून करावी. या व्यवहारात देणाऱ्याच्या शरीराला काहीही मिळत नाही, आणि तो तरुण आहे एवढ्याच कारणासाठी त्याला बोलावलेलं असतं. त्याची बाजू शेवटी पाहायची ठरवली की तोवर घेणाऱ्याची आशा, संशोधकाचा उत्साह आणि क्लिनिकचा हिशोब यांनी निर्णय होऊन गेलेला असतो.

पण देणाऱ्याला काही मागण्याआधी, मागण्यासारखं कारण आहे का, हे पाहावं लागतं.

पुरावा एका पानावर मांडा

प्रस्ताव आणणाऱ्याकडून एक पान लिहून घ्या. त्यात दोन रकाने ठेवा, प्राण्यांत काय दिसलं आणि माणसांत काय दिसलं. दोन्हींतल्या गोष्टी एकमेकांत मिसळू देऊ नका. विक्रीची माहितीपत्रकं नेमकी हीच सरमिसळ करतात.

पहिला रकाना भरगच्च असेल. दोन प्राण्यांची शरीरं शिवून त्यांचं रक्ताभिसरण एक करण्याचा प्रयोग पॉल बेर यांनी १८६४ साली केला. १९५० च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी म्हाताऱ्या आणि तरुण उंदरांच्या अशा जोड्या केल्या. ६९ जोड्यांपैकी ११ दगावल्या. २००५ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने दाखवलं की तरुण जोडीदार मिळालेल्या म्हाताऱ्या उंदराचे स्नायू आणि यकृत जास्त चांगले भरून येतात. २०१४ मध्ये सॉल व्हिलेडा आणि सहकाऱ्यांनी शरीरं न जोडता, नुसत्या प्लाझ्माच्या इंजेक्शनांनी म्हाताऱ्या उंदरांची स्मरणाच्या चाचण्यांतली कामगिरी सुधारल्याचं दाखवलं. २०२३ मध्ये तीन महिने जोडून मग वेगळे केलेले म्हातारे उंदीर जास्त जगल्याचं प्रसिद्ध झालं.

या रकान्याखाली दोन टिपा हव्याच. पहिली अशी की जोडलेल्या उंदराला फक्त तरुण रक्त मिळत नाही. तरुण यकृत, तरुण मूत्रपिंडं, तरुण फुप्फुसं त्याचं रक्त चोवीस तास साफ करत असतात. पिशवीतल्या प्लाझ्माबरोबर यातलं काहीच येत नाही. दुसरी टीप, म्हाताऱ्या उंदरांना तरुण प्लाझ्मा वारंवार टोचूनही आयुष्य वाढलं नाही असाही अभ्यास २०१४ मध्येच प्रसिद्ध झालेला आहे. माहितीपत्रकात तो सहसा नसतो.

दुसरा रकाना लहान असतो. स्टॅनफर्डच्या चाचणीत अल्झायमरच्या १८ रुग्णांना १८ ते ३० वयाच्या दात्यांचा प्लाझ्मा, दर आठवड्याला सुमारे २५० मिलिलिटर असा चार वेळा दिला. निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. उपचार सहन झाला, पण स्मरणशक्ती आणि विचारक्षमतेत बदल दिसला नाही. रोजची कामं करण्यात थोडी सुधारणा नोंदली गेली, पण रुग्ण मोजकेच होते आणि निम्म्यांना आपल्याला प्लाझ्माच मिळतोय हे माहीत होतं. त्याच वर्षी १९ फेब्रुवारीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला की वार्धक्य किंवा स्मृतिभ्रंशासाठी तरुण प्लाझ्मा देण्याचा फायदा सिद्ध झालेला नाही आणि धोके मात्र खरे आहेत. १६ ते २५ वयाच्या दात्यांचा प्लाझ्मा एका लिटरला ८,००० डॉलर दराने विकणाऱ्या ॲम्ब्रोसिया या कंपनीने त्यानंतर काम थांबवलं. तिच्या चाचणीत तुलनेचा गटच नव्हता, आणि सहभागासाठी लोकांनी स्वतः पैसे भरले होते. अशा मांडणीतून उत्तर निघूच शकत नाही.

या पानावरून एक गोष्ट ठरते. सेवा म्हणून तरुण प्लाझ्मा विकणं आज समर्थनीय नाही, आणि पुढची तपासणी फक्त संशोधनापुरती करायची. क्लिनिकचा प्रस्ताव असेल तर इथेच नकार द्या.

तरुण माणूस लागतोच का?

हा प्रश्न समित्या क्वचित विचारतात. खरं तर सगळा प्रस्ताव यावरच उभा आहे.

२०१६ मध्ये बर्कलीच्या कॉनबॉय गटाने उंदरांची शरीरं न जोडता पंपाने रक्ताची अदलाबदल केली. त्यात म्हाताऱ्या रक्ताचा तरुण उंदरावर झालेला वाईट परिणाम हा तरुण रक्ताच्या चांगल्या परिणामापेक्षा ठळक दिसला. २०२० मध्ये त्याच गटाने म्हाताऱ्या उंदरांचा सुमारे निम्मा प्लाझ्मा काढून त्या जागी सलाइन आणि ५ टक्के अल्ब्युमिन (प्लाझ्मातलं मुख्य प्रथिन) भरलं. तरुण रक्ताचा थेंबही दिला नाही, तरी स्नायू, यकृत आणि मेंदूत सुधारणा दिसली. माणसांत अल्झायमरवर झालेल्या ॲम्बार चाचणीतही प्लाझ्मा काढून अल्ब्युमिन देण्याचाच मार्ग घेतला होता.

याचा अर्थ प्लाझ्मा काढून टाकणं हा सिद्ध उपाय झाला असा नाही. त्या प्रक्रियेचे स्वतःचे धोके आहेत. मोठ्या शिरेतल्या नळीतून जंतुसंसर्ग होतो, रक्तातलं कॅल्शियम उतरतं, आणि एका पूर्ण प्लाझ्मा-बदलात जुन्या प्लाझ्मातला सुमारे ६३ टक्के भाग जातो, त्यासोबत रोगप्रतिकारक प्रथिनंही जातात. पण नैतिक हिशोब मात्र बदलतो. परिणाम जुनं काढण्यामुळे होत असेल, तर वीस वर्षांच्या मुलाला खुर्चीत बसवण्याचं कारणच उरत नाही. अल्ब्युमिनही दात्यांच्या प्लाझ्मातूनच येतं, हे खरं. पण ते कुठल्याही वयाच्या प्रौढ दात्यांच्या एकत्र केलेल्या साठ्यातून बनतं. तिथे कुणाच्याही तारुण्याला वेगळी मागणी नसते.

म्हणून संशोधकाला लेखी विचारा: तरुण दात्याशिवाय हा प्रश्न सोडवता येईल का? नसेल तर का नाही? ‘आधीच्या अभ्यासांत तरुणच वापरले होते’ हे उत्तर चालणार नाही. एखादं ठरावीक प्रथिन महत्त्वाचं वाटत असेल, तर ते प्रयोगशाळेत तयार करून देण्याचा मार्ग आधी तपासायला हवा. त्यातही घाई नको. जीडीएफ-११ या प्रथिनाने तारुण्य परत येतं असं २०१३-१४ मध्ये गाजलं, आणि २०१५ मध्ये दुसऱ्या गटाने नेमका उलटा निष्कर्ष मांडला.

देणाऱ्याची तपासणी

आता या भागाला वेळ द्या. बैठकीचा निम्मा वेळ इथे गेला तरी हरकत नाही.

वय १८ च्या खाली नको, कुठल्याही कारणाने नको. पालकांची परवानगी इथे पुरत नाही. मुलाच्या स्वतःच्या उपचारासाठी पालक संमती देऊ शकतात. दुसऱ्याचं म्हातारपण लांबवण्यासाठी मुलाच्या शरीरातून काही काढायला ते संमती देऊ शकत नाहीत. २०२३ मध्ये अमेरिकी उद्योजक ब्रायन जॉन्सन यांनी आपल्या १७ वर्षांच्या मुलाचा प्लाझ्मा घेतला आणि काही महिन्यांनी फायदा दिसला नसल्याचं स्वतःच जाहीर केलं. फायदा दिसला असता तरी आमचं मत तेच राहिलं असतं.

नातं आणि अधिकार तपासा. घेणाऱ्याचा मुलगा, नातू, सून, नोकर, विद्यार्थी किंवा हाताखालचा कर्मचारी दाता म्हणून चालणार नाही. कैदी आणि सैनिकही नकोत. यांच्यापैकी प्रत्येकाला ‘नाही’ म्हणण्याची किंमत मोजावी लागते. सोपा नियम असा की देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखणार नाहीत अशीच रचना करा आणि पिशवीवर फक्त क्रमांक ठेवा. तरीही एखादा दाता दबावाखाली आल्याचं एकांतातल्या बोलण्यात जाणवलं, तर त्याला ‘दाता म्हणून योग्य नाही’ एवढंच सांगून सोडा. कारण नोंदवहीत गोपनीय राहील, कुणालाही कळवलं जाणार नाही.

किती वेळा घ्यायचं, यावर कायद्याने चालणारी मर्यादा आणि काळजीची मर्यादा यांत मोठं अंतर आहे. अमेरिकेत सात दिवसांत दोनदा, मध्ये किमान एक दिवस सोडून, प्लाझ्मा देता येतो. म्हणजे वर्षाला शंभराच्या वर. युरोप परिषदेच्या मार्गदर्शिकेत वर्षाला जास्तीत जास्त ३३ वेळा आहे. दोन्हींतली कमी मर्यादा घ्या. आमच्या मते, ज्या वापराचा फायदाच सिद्ध नाही त्यासाठी महिन्यातून एकदाच्या पुढे जाऊ नये. दर वेळी रक्तातली एकूण प्रथिनं मोजा. डेसिलिटरला ६ ग्रॅमच्या खाली असतील तर त्या दिवशी घेऊ नका. नियमित दात्यांची प्रतिकारक प्रथिनं दर चार महिन्यांनी तपासा. ती हळूहळू उतरत जातात, आणि दात्याला स्वतःला काही जाणवत नाही.

दात्याच्या रक्तातून प्लाझ्मा वेगळा करणाऱ्या यंत्रावर काय होतं ते त्याला आधीच सांगा. रक्त गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट हे रसायन मिसळलेलं असतं. ते कॅल्शियम बांधून ठेवतं. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ लागल्या की वेग कमी करायचा आणि कॅल्शियमची गोळी द्यायची. मुंग्यांकडे दुर्लक्ष झालं तर हातापायांत गोळे येतात. ‘काही वाटलं तर सांगा’ एवढं बोलून परिचारिकेने निघून जाणं पुरेसं नाही. तरुण दाते, विशेषतः पहिल्यांदा आलेले, संकोचाने सांगत नाहीत. दर दहा मिनिटांनी ‘ओठांना मुंग्या येतायत का?’ असं नेमकं विचारायला हवं.

पैशांचा प्रश्न इथेच सोडवा. वेळ आणि प्रवासाचा मोबदला द्यायला हरकत नाही. पण तीन गोष्टी पाळा. मोबदला मिलिलिटरवर ठरवू नका. वय कमी म्हणून जास्त पैसे देऊ नका, कारण त्या क्षणी तारुण्याला भाव लागतो आणि गरजू तरुण त्या बाजाराकडे ओढले जातात. आणि तपासणीत बाद झालेल्यालाही तेवढेच पैसे द्या. बाद झाल्यास हात हलवत परत जावं लागणार असेल, तर माणूस कावीळ, औषधं, अलीकडचा ताप लपवतो. ती लपवलेली माहिती पिशवीतून घेणाऱ्याच्या शिरेत जाते.

हा धोका जुना आहे. अलेक्सांद्र बोग्दानोव्ह यांनी १९२६ मध्ये मॉस्कोत रक्तसंक्रमणाची संस्था उभी केली. रक्ताच्या देवाणघेवाणीने शरीर ताजंतवानं होतं असं ते मानत. १९२८ मध्ये मलेरिया आणि क्षय असलेल्या एका विद्यार्थ्याशी त्यांनी रक्ताची अदलाबदल केली आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. विद्यार्थी वाचला. संस्थेचा प्रमुखच प्रयोगाचा विषय होता, त्यामुळे त्यांना थांबवणारं वर कुणी नव्हतं. आजच्या प्रस्तावातही संशोधक, गुंतवणूकदार आणि पहिला रुग्ण एकच माणूस असेल तर तो तिथेच परत पाठवा.

कुणाच्या वाट्याचा प्लाझ्मा?

साधा हिशोब करा. एका माणसाला महिन्याला एक लिटर द्यायचा म्हटलं तर वर्षाला १२ लिटर लागतात. एका वेळी सरासरी ७०० मिलिलिटर मिळाला तरी साधारण १७ वेळा दान लागतं. जन्मतः प्रतिकारशक्ती कमी असलेल्या एका रुग्णाच्या वर्षभराच्या इम्युनोग्लोब्युलिनसाठी (प्लाझ्मातून बनणारं, रोगजंतूंशी लढणाऱ्या प्रतिपिंडांचं औषध) सुमारे १३० दानं लागतात, असं प्लाझ्मा-उद्योगच सांगतो. म्हणजे आठ निरोगी ज्येष्ठांनी तरुण प्लाझ्मा घेतला, तर एका रुग्णाचं वर्षभराचं औषध बनू शकेल एवढा प्लाझ्मा खर्ची पडतो. त्या रुग्णाला दुसरा पर्याय नसतो.

एबी गटाच्या प्लाझ्माबाबत तर विशेष कडक राहा. तो कुठल्याही रक्तगटाच्या माणसाला चालतो, म्हणून अपघात विभागात गट माहीत नसताना तोच लागतो. संशोधनासाठी गट जुळवूनच प्लाझ्मा घ्या, एबीच्या पिशव्यांना हात लावू नका.

घेणाऱ्याचे धोके

प्लाझ्मा म्हणजे टॉनिक नव्हे. चढवल्यापासून सहा तासांच्या आत फुप्फुसांना तीव्र इजा होऊ शकते. दात्याच्या प्लाझ्मातली प्रतिपिंडं घेणाऱ्याच्या पांढऱ्या पेशींवर हल्ला करतात, हे त्याचं मुख्य कारण. गर्भधारणा होऊन गेलेल्या स्त्रियांच्या रक्तात अशी प्रतिपिंडं असण्याची शक्यता जास्त असते, म्हणून त्यांची तपासणी आधी व्हायला हवी. बारा तासांच्या आत दिसणारा दुसरा धोका द्रव जास्त झाल्याचा. वय झालेलं हृदय वाढलेला द्रव पेलू शकत नाही, दम लागतो, पाय सुजतात, रक्तदाब चढतो. वार्धक्यासाठीच्या प्रस्तावात घेणारे सगळे वयस्कच असतात, त्यामुळे हा धोका तरुणांवरच्या आकड्यांवरून मोजू नका.

हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना वगळा. एका दिवशी एकच पिशवी, म्हणजे २०० ते २५० मिलिलिटर. पहिली १५ मिनिटं अगदी सावकाश, आणि परिचारिका पलंगाजवळ. प्राणवायूची पातळी, नाडी, रक्तदाब सुरुवातीला, १५ मिनिटांनी आणि संपताना नोंदवा. त्यानंतर किमान सहा तास घरी सोडू नका. घरी गेल्यावर रात्री दम लागला तर फोन कुणाला करायचा, तो क्रमांक कागदावर द्या.

मोजमाप कुठे फसतं

प्लाझ्मा पिवळसर असतो, सलाइन पाण्यासारखं. पिशवी आणि नळी अपारदर्शक आवरणात ठेवली नाही तर रुग्णाला पाच मिनिटांत कळतं, आणि मग ‘बरं वाटतंय’ या उत्तराला अर्थ उरत नाही. सलाइनशी तुलना पुरेशीही नाही. तरुण असण्याचा परिणाम तपासायचा तर पन्नाशीच्या पुढच्या दात्यांच्या प्लाझ्माचा एक गट आणि अल्ब्युमिनचा एक गट हवाच. हे गट नसतील तर चाचणीतून नैतिक प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, आणि मग दात्यांना दिलेला त्रास वाया जातो.

दुसरी फसगत रक्त कधी घेतलं यात असते. ६० किलोच्या माणसात साधारण २.४ लिटर प्लाझ्मा असतो. त्यात एक लिटर तरुण प्लाझ्मा मिसळल्यावर लगेच रक्त तपासलं तर जवळजवळ ३० टक्के दात्याचाच प्लाझ्मा मोजला जातो, आणि अहवालात ‘तरुण’ खुणा दिसतात. अल्ब्युमिनचं प्रमाण निम्मं व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. नऊ आठवड्यांनी दिलेल्यापैकी आठवा हिस्सा उरतो. शेवटची तपासणी त्याआधी करू नका. ‘जैविक वय’ सांगणाऱ्या चाचण्या एकट्या पुराव्यासाठी धरू नका. रक्तातल्या पेशींचं आपसातलं प्रमाण बदललं तरी त्यांचे आकडे हलतात. चालण्याचा वेग, पकडीची ताकद, पडण्याच्या घटना, रुग्णालयात भरती, या गोष्टी मोजा.

संमतीपत्रात ही वाक्यं हवीत

घेणाऱ्याच्या पत्रात: ‘या उपचाराने माणसाचं वय किंवा म्हातारपण कमी होतं, असं सिद्ध झालेलं नाही. ही चाचणी तुमच्यावरील उपचार नाही, ते संशोधन आहे. तुम्हाला तरुण प्लाझ्मा मिळेलच असं नाही. यासाठी तुमच्याकडून पैसे घेतले जाणार नाहीत.’

देणाऱ्याच्या पत्रात: ‘तुमचा प्लाझ्मा जीव वाचवण्यासाठी नव्हे, तर वार्धक्यावरील संशोधनासाठी वापरला जाईल. तुम्हाला यातून आरोग्याचा कोणताही फायदा नाही. यंत्राला जोडल्यानंतरही तुम्ही थांबा म्हणू शकता, आणि ठरलेला मोबदला पूर्ण मिळेल.’

दुसऱ्या पत्रातलं पहिलं वाक्य संशोधकांना खुपतं, कारण ते वाचून काही दाते माघार घेतात. ते काढू देऊ नका. रक्तदानाचा अर्ज भरणारा माणूस कुणाचा तरी जीव वाचेल या समजुतीने आलेला असतो. त्याची ही समजूत तशीच राहू देऊन प्लाझ्मा घेणं ही फसवणूक आहे. स्मृतिभ्रंश असलेल्या रुग्णाची संमती घेताना कुटुंबीयांची सही पुरेशी मानू नका. प्रत्येक वेळी रुग्णाने हात मागे घेतला, सुईला विरोध केला, तर तो नकारच धरा.

थांबण्याचे नियम आधी लिहा

सुरुवातीच्याच आराखड्यात आकडे हवेत: फुप्फुसांच्या इजेच्या किती घटना झाल्यावर चाचणी थांबेल, किती दात्यांची प्रथिनं उतरल्यावर संकलन थांबेल, मधल्या टप्प्यावर फरक दिसला नाही तर काय करायचं. हा निर्णय स्वतंत्र सुरक्षा मंडळाचा असावा. प्रायोजकाला त्यात मत नको. निष्कर्ष काहीही असोत, ते प्रसिद्ध करण्याचं लेखी बंधन मंजुरीपत्रात घाला. फायदा झाला नाही हे दडवलं गेलं, तर पुढचा गट तेच प्रश्न घेऊन नव्या तरुणांकडे जातो.

उरलेल्या पिशव्यांचंही ठरवून ठेवा. गोठवलेला प्लाझ्मा उणे १८ अंश किंवा त्याखाली ठेवला तर साधारण वर्षभर टिकतो. चाचणी मध्येच थांबली तर न वापरलेल्या पिशव्या रक्तपेढीकडे जातील आणि रक्तस्राव किंवा भाजलेल्या रुग्णांसाठी वापरल्या जातील, यासाठी दात्याची वेगळी सही सुरुवातीलाच घ्या. म्हणजे संकलनही पहिल्या दिवसापासून रक्तपेढीच्याच निकषांनी करावं लागेल.